पोर्टलमधून आलेला खेळाडू आम्ही कसा पारखतो

टेक्सासमधल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (बचावात पहिल्या रांगेमागे उभा राहणारा), उंची ६ फूट १ इंच, वजन २०५ पौंड. दोन कॉलेजांचे कोच वर्षभर फोन करत होते. आता दोघंही म्हणतात की या जागेवर आम्ही ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, खेळाडू घेणार आहोत. ते विचारतात, पोर्टलमधली ही मुलं तुम्ही लोक कशाच्या जोरावर निवडता? आणि माझ्या मुलाने आधी लहान कॉलेजात खेळून मग मोठ्या कॉलेजात जायचा विचार करावा का?

नमस्कार. मी गेली चौदा वर्षं कॉलेज फुटबॉलच्या खेळाडू निवड विभागात काम करतोय. विद्यार्थी असताना व्हिडिओ रूममध्ये फिल्म कापायच्या कामाने सुरुवात झाली. आज कोणत्या मुलाला बोलवायचं आणि कोणाला नाही, या चर्चेत माझं मत धरलं जातं. असे फोन मीही घरोघरी केलेत आणि नंतर ‘जागा भरली’ असं सांगायची वेळही माझ्यावर आलीय. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याशिवाय देता येणार नाही. जरा सविस्तरच लिहितो.

आधी परिस्थिती बदलली कशी ते बघू. पोर्टल सुरू झालं ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्याआधी कॉलेज बदलायचं तर फुटबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, बसायची गरज नाही. मधल्या काळात, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजाच्या सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्याच तडजोडीने फुटबॉलची ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी १०५ खेळाडूंचं रोस्टर, म्हणजे संघयादी, आलं. स्कॉलरशिप वाढल्या असं वरवर वाटतं. पण पूर्वी स्वखर्चाने खेळणारी जी वीसपंचवीस मुलं १०५ च्या पलीकडे संघात असायची, त्यांची जागा गेली. शाळेतून येणाऱ्या मुलाला सावकाश वाढवायची जी सोय कोचकडे होती, तीही आटली.

पोर्टलची मुदतही आखडत गेली. २०२६ साली ती एकच होती, २ ते १६ जानेवारी. वसंतातली दुसरी खिडकी बंद झाली. म्हणजे पंधरा दिवसांत नावं येणार, फोन होणार, मुलं कॅम्पस बघून जाणार आणि निर्णय होणार. या पंधरा दिवसांत आम्ही शोध घेत नाही, त्याला वेळच नसतो. शोध आधीच झालेला असतो. मुलाचं नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत त्याच्याशी किंवा त्याच्या माणसांशी बोलायला बंदी आहे, पण फिल्म बघायला नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्या खोलीत जे दिवे लागून राहतात, ते यासाठीच. आपले कोण जाणार, कोणाची वर्षं संपली, कोणाचा गुडघा दुखावलाय, यावरून आधी गरजांची यादी बनते. मग प्रत्येक गरजेपुढे बाहेरच्या आठदहा मुलांची नावं. त्यातलं कोण बाहेर पडेल हे माहीत नसतं. बरीचशी फिल्म वाया जाते, आणि ते मान्य करूनच हे काम करावं लागतं.

आता मूळ मुद्दा. शाळेतल्या मुलाकडे बघताना आम्ही तीन वर्षांनंतरचा माणूस डोळ्यांपुढे आणतो. मनगटं केवढी आहेत, हात किती लांब आहेत, वडिलांचे खांदे कसे आहेत, मुलगा ट्रॅकवर कसा धावतो, बास्केटबॉल खेळताना कसा वळतो. पोर्टलमधल्या मुलाच्या बाबतीत हे सगळं मागे पडतं. तो जानेवारीत येणार आणि सप्टेंबरमध्ये मैदानात उभा राहायला हवा. त्यामुळे तो किती गुणी आहे, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. जे एक काम आम्ही त्याला देणार आहोत, तेच काम त्याने आधी केलंय का, कोणासमोर केलंय आणि किती वेळा केलंय, एवढंच मी विचारतो.

मी नागपूरचा, त्यामुळे मला एक उदाहरण पटकन सुचतं. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. तो पुढे कसा घडेल हे बघून त्याला कोणी घेतलं नव्हतं. वरच्या फळीत तासन् तास उभं राहायचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं होतं, आणि विदर्भाला नेमकं तेच हवं होतं. पुढच्या हंगामात त्याने हजारावर धावा केल्या आणि करंडक नागपुरातच राहिला.

हा मुद्दा मला पुस्तकातून कळलेला नाही. काही वर्षांपूर्वी आम्हाला लेफ्ट टॅकल हवा होता, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या डाव्या, बहुतेक वेळा न दिसणाऱ्या बाजूचं रक्षण करणारा. खालच्या स्तरावरच्या, म्हणजे एफसीएसमधल्या एका कॉलेजातला मुलगा पोर्टलमध्ये आला. साडेसहा फूट उंच, लांब हात, पाय हलके. मी त्याचे सगळे सामने बघितले, मागच्या कॅमेऱ्यातून, कारण टॅकलची पावलं फक्त तिथूनच कळतात. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होताच, उजवा पाय जमिनीत रोवून डावा पाय मागे सरकवायची त्याची लय इतकी सुरेख होती की मी एकदोन क्लिप नवशिक्यांना दाखवायला बाजूला काढून ठेवल्या. अख्ख्या हंगामात त्याच्या बाजूने क्वार्टरबॅकवर फारसं कोणी पोचलंच नव्हतं. मी जोर लावून शिफारस केली.

आमच्याकडे चौथ्या सामन्यापर्यंत त्याला बाकावर बसवावं लागलं. मग मी त्या जुन्या फिल्म पुन्हा लावल्या, या वेळी हातात स्टॉपवॉच घेऊन. त्याच्या जुन्या संघात चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सव्वादोन सेकंदांत सुटायचा. सगळे आखूड, झटपट पास. आमच्या खेळात त्याला तीन सेकंद थोपवून धरायचं होतं. पहिली दोन सेकंदं तो सुंदर होता. तिसऱ्या सेकंदाला समोरचा माणूस छातीत घुसला की त्याचं बूड वर यायचं आणि तो मागे ढकलला जायचा. ते तिसरं सेकंद त्या फिल्ममध्ये जवळपास नव्हतंच. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. जे काम त्याने कधी केलं नव्हतं, त्यासाठी मी त्याला आणलं होतं. त्याचं एक वर्ष गेलं, आणि तो पुन्हा पोर्टलमध्ये गेला. ही गोष्ट मला अजून टोचते. तेव्हापासून कोणताही टॅकल बघताना मी आधी चेंडू किती वेळात सुटतो ते मोजतो, मग तिसरा डाव आणि आठ यार्डांहून जास्त अंतर अशा सगळ्या क्लिप वेगळ्या काढतो. तेव्हा पास येणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं आणि लपायला जागा उरत नाही.

आकड्यांचंही असंच. कोणता आकडा नव्या कॉलेजात बरोबर येतो आणि कोणता जुन्याच कॉलेजात राहतो, हे ओळखावं लागतं. एकूण यार्ड आणि एकूण टचडाउन हे बरेचसे संघाचे असतात. किती स्नॅप खेळला, पाडायला आलेल्यांचे किती टॅकल हुकवले, धक्का बसल्यावर किती यार्ड पुढे गेला, प्रत्येक धावमार्गामागे किती यार्ड मिळवले, हे आकडे त्या मुलाचे. धावणारा बॅक सहसा लवकर रुळतो, कारण धक्का खाऊन पुढे जायचं काम सगळीकडे सारखंच. पास झेलणाऱ्या रिसीव्हरना रोखणाऱ्या कॉर्नरबॅकला मात्र जुन्या संघात मागे राहून एक भाग राखायला शिकवलेलं असेल आणि आमच्याकडे रिसीव्हरच्या अंगाला चिकटून खेळायचं असेल, तर त्याचे आकडे कितीही चकचकीत असोत, मी हात राखूनच बोलतो.

प्रतिस्पर्धी कोण होता याचं गणित वेगळं. एफसीएसची बरीच कॉलेजं दर हंगामात एखादा सामना मोठ्या कॉलेजाविरुद्ध खेळतात. त्याबद्दल त्यांना पैसे मिळतात आणि बहुधा ती सपाटून हरतात. मला तोच सामना आधी हवा असतो. गुणफलक ४५-३ असताना, चौथ्या भागात, सगळे थकलेले असताना हा मुलगा अजून धावतोय का? समोरच्या मोठ्या संघाचा कोच त्याच्या बाजूने खेळ करतोय की टाळतोय? टाळत असेल तर ती त्या मुलाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती.

ही नजर ठेवली की लहान कॉलेजातून आलेली रत्नं सापडतात, आणि ती खरोखर सापडलीत. जॅरेड व्हर्स न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या एफसीएस संघातून २०२२ मध्ये फ्लोरिडा स्टेटला गेला, २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, पहिल्या फेरीत निवडला गेला आणि त्याच वर्षी बचावफळीतला सर्वोत्तम नवोदित ठरला. कॅम वॉर्डच्या शाळेत पासऐवजी धावण्यावरच भर होता, त्यामुळे मोठ्या कॉलेजांनी त्याला हातभर लांबच ठेवलं. तो सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डला गेला. तिथले कोच एरिक मॉरिस २०२२ मध्ये वॉशिंग्टन स्टेटला गेले तेव्हा तोही मागोमाग गेला, मग मायामीला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. वॉर्डच्या गोष्टीतला मधला टप्पा लोक विसरतात. पहिली मोठी उडी त्याने ओळखीच्या कोचकडे, ओळखीच्या खेळात मारली होती.

आता एक उलटं उदाहरण, कारण माझ्या नियमात न बसणारंही घडतं. जो बरो ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षांत जेमतेम ३९ पास टाकून २०१८ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) आला. ३९ पासांवरून कोणाला काय कळणार? पहिल्या वर्षी त्याची अचूकता ५७.८ टक्के होती आणि टचडाउन पास १६. दुसऱ्या वर्षी ७६.३ टक्के आणि ६० टचडाउन, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक, संघ १५-० (पंधरा विजय, हार एकही नाही) आणि राष्ट्रीय विजेता. मधे काय बदललं? न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून जो ब्रेडी पासिंग खेळाचे कोच म्हणून आले, मैदान रुंद करून खेळायला लागले, आणि रिसीव्हर पिकले. आजच्या बाजारात कितीजण त्या पहिल्या वर्षानंतर थांबले असते, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. घाई करणाऱ्या पालकांना आणि कोचना मी हे दोन ओळींचे आकडे दाखवतो.

पोर्टलमधून अख्खा संघ उभा करता येतो का, असंही लोक विचारतात. फ्लोरिडा स्टेटकडे बघा. २०२३ मध्ये व्हर्स, मिशिगन स्टेटहून आलेला कियॉन कोलमन, लुईव्हिलहून आलेला क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस असे बाहेरून आलेले खेळाडू घेऊन संघ १३-० पर्यंत गेला. पुढच्या वर्षी तेच कॉलेज, तोच मुख्य कोच, पुन्हा पोर्टलवर भिस्त, आणि निकाल २-१०. २०२३ मध्येच कोलोरॅडोने जवळजवळ सगळा संघ बदलला. आधीच्या वर्षी १-११ होते, ते ४-८ झाले. सुधारणा खरी होती, पण त्यांच्या क्वार्टरबॅकला त्या हंगामात पन्नासहून अधिक वेळा पाडलं गेलं. कारण ऑफेन्सिव्ह लाइन ही पाच माणसांची एक भिंत असते. डावीकडच्याने खांदा किती वळवला की आपण त्याचा माणूस उचलायचा, हे शेजारीशेजारी उभं राहून शेकडो सराव केल्यावरच अंगात मुरतं. पाच गुणी अनोळखी मुलांमध्ये ते पंधरा दिवसांत येत नाही. म्हणून लाइनसाठी मी एका वर्षी दोनापेक्षा जास्त जण बाहेरून आणायच्या विरोधात असतो. कॉर्नरबॅक किंवा रिसीव्हर चार आले तरी हरकत नाही.

फिल्मनंतर माणूस. मुलगा बाहेर का पडतोय, हे तो सांगतो ते आणि खरं ते यांत पुष्कळदा अंतर असतं. कोच बदलला, पैसे हवेत, खेळायला मिळत नाही, घर दूर आहे, ही सगळी रास्त कारणं. मला त्यांतल्या कशाचंही वावडं नाही. कारण सांगताना तो दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडतो का, एवढंच मी ऐकतो. मग फोन. मुख्य कोचला फोन करण्यात फारसा अर्थ नसतो, तो एकतर चिडलेला असतो किंवा सुटलो म्हणून गोड बोलतो. मी शाळेच्या जुन्या कोचला फोन करतो, व्यायामाच्या खोलीतल्या माणसाला करतो, अभ्यास बघणाऱ्या सल्लागाराला करतो, आणि जमलं तर कपडे, हेल्मेट सांभाळणाऱ्या माणसाला. तो माणूस चार वर्षं रोज त्या मुलाच्या हातून घामाचे कपडे घेत असतो. मुलगा कपडे टोपलीत टाकतो की जमिनीवर, नावाने हाक मारतो की नाही, हे त्याला विचारलं की तो क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातच बरंचसं कळतं.

भेटीला आल्यावर आमच्याकडे एक पद्धत आहे. स्टेडियम, जेवण, फोटो हे सगळं होतं. पण पहिल्या दुपारी मुलाला एका लहान खोलीत बसवून आम्ही त्याचा सगळ्यात वाईट सामना पडद्यावर लावतो. रिमोट त्याच्या हातात. सांग, इथे काय झालं? मागे एक कॉर्नरबॅक आला होता. त्याच्या डोक्यावरून टचडाउन झालेला डाव त्याने लावला, थांबवला, चार फ्रेम मागे नेला आणि म्हणाला, “इथे बघा, सेफ्टी उशिरा आला असं वाटतं. पण कॉल कव्हर थ्री होता. बाहेरचा खोल भाग माझा. मी क्वार्टरबॅककडे बघत राहिलो, रिसीव्हर पुढे निघून गेला.” (सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू, आणि कव्हर थ्री म्हणजे मैदानाचा खोल भाग तिघांत वाटून राखणं.) मग न विचारता पुढची क्लिप लावली. त्याच दौऱ्यात आलेल्या दुसऱ्या एका मुलाने तशाच डावावर तिघांची नावं घेतली, आणि त्यांत स्वतःचं नव्हतं. दोघांची धाव सारखी, उंची सारखी, आकडे दुसऱ्याचे थोडे सरस. आम्ही पहिल्याला घेतलं. त्याने दोन वर्षं कॉर्नरची जागा सांभाळली.

यानंतरच्या दोन गोष्टी कोणाला दिसत नाहीत, पण सौदे तिथेच मोडतात. पहिली वैद्यकीय तपासणी. खांदे, गुडघे, घोटे, मागच्या शस्त्रक्रियांचे कागद, आणि डोक्याला किती वेळा मार बसलाय. आमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं की विषय संपला, मुख्य कोचचंही चालत नाही, आणि तसंच असायला हवं.

दुसरी गोष्ट गुणपत्रक. तुम्ही वडील आहात म्हणून यावर थोडं थांबतो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा ४० टक्के, चौथ्याआधी ६० टक्के आणि पाचव्याआधी ८० टक्के अभ्यास पुरा असावा लागतो. आणि तो नव्या कॉलेजाच्या पदवीचा. समजा मुलाने तीन वर्षांत ८४ क्रेडिट मिळवलेत आणि पदवी १२० ची आहे. ६० टक्के म्हणजे ७२, म्हणजे प्रश्नच नाही असं वाटतं. पण आमच्या विद्यापीठाने त्यातले ६३ च धरले तर तो खेळायला अपात्र. असा एक मुलगा आमच्या हातून गेला. आईवडील विमानाने आले होते, राहायची खोलीसुद्धा बघून झाली होती. विषय सैल निवडले, शाखा दोनदा बदलली, ते शेवटी असं आडवं आलं. तेव्हापासून आमच्याकडे गुणपत्रक फिल्मच्या बरोबरीने मागवतात.

आता तुमच्या मुलाकडे येतो.

‘आधी लहान कॉलेज, मग मोठं’ ही वाट खरी आहे, आणि लाइनबॅकरसाठी तर तिचं चांगलं उदाहरण ताजं आहे. कर्ट सिग्नेटी २०२३ च्या शेवटी जेम्स मॅडिसनहून इंडियानाला गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग तिथले १३ खेळाडू गेले. इंडियाना त्या वर्षी ३-९ होतं. पुढच्या वर्षी ११ सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोचलं. त्या तेरांपैकी एडन फिशर लाइनबॅकर. जेम्स मॅडिसनमध्ये त्याने एका हंगामात शंभरावर टॅकल केले होते, इंडियानात पुन्हा शंभरावर केले. बाहेरच्यांना ते नवल वाटलं. मला नाही वाटलं, कारण बचावाचे कोच ब्रायन्ट हेन्सही तिथूनच आले होते. तीच हाक, तीच पावलं, तीच जागा. फक्त जर्सीचा रंग बदलला होता. शाळेत असताना खेळाडूंच्या मानांकनात किती तारे मिळाले होते, यापेक्षा आदल्या शनिवारी काय केलं याला सिग्नेटी किंमत देतात, आणि माझंही मत तेच आहे.

पण या वाटेवरचा धोकाही सांगायला हवा. मुलाने पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुन्या कॉलेजाला चालू सत्र संपल्यावर त्याची स्कॉलरशिप काढून घेता येते. पुढे कोणी नाही घेतलं तर परतीची वाट असेलच असं नाही. अशी मुलं दरवर्षी राहतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचे फोन येतात, आणि त्यांना काय सांगायचं हे मला चौदा वर्षांनीही नीट जमत नाही. म्हणून लहान कॉलेज निवडताना ते पायरी म्हणून निवडू नका. पुढे कोणीच विचारलं नाही तरी तिथे चार वर्षं राहून पदवी घ्यायला मुलाला आवडेल, असंच कॉलेज निवडा. शिवाय दुसऱ्या वर्षापर्यंत तो खेळेल असं बघा. मोठ्या कॉलेजच्या बाकावर बसलेल्या मुलाची माझ्याकडे फिल्मच नसते. लहान कॉलेजात सातशे स्नॅप खेळलेल्या मुलाबद्दल मी तासभर बोलू शकतो. पहिल्या वर्षी चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष मोजलं जात नाही, २०१८ पासूनचा हा रेडशर्टचा नियम आहे. तेव्हा पहिल्या वर्षाची घाई नको.

अभ्यासाचं आत्ताच बघून घ्या. डिव्हिजन वनसाठी शाळेत १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते, आणि त्यांतले १० विषय बारावीचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण असावे लागतात. अकरावी संपल्यावर हे कळलेले पालक मी बघितलेत. शाळेच्या समुपदेशकाकडे याच आठवड्यात जा.

२०५ पौंडांची काळजी करू नका. सतराव्या वर्षी ते ठीक आहे, वीस पौंड कॉलेजची व्यायामशाळा चढवेल. मला त्याच्यात बघायचंय ते वेगळं. समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला गार्ड बाजूला धावायला निघाला की त्याची पहिली दोन पावलं कुठे पडतात? चेंडूकडे की गार्डच्या मागे? अडवायला आलेल्या माणसाला तो हातांनी झटकतो की वळसा घालतो? वळसा घालायची सवय शाळेत खपते, कारण तिथे तो इतरांपेक्षा वेगवान असतो. मोकळ्या जागेत टॅकल करताना पावलं आखूड करतो की झेप घेतो? पास येतोय हे ओळखून मागे सरकताना नजर कुठे असते?

तुम्ही दुव्यासोबत तीन मिनिटांची हायलाइट फिल्म पाठवलीय. ती बघितली. त्याची धडक जोरदार आहे आणि संगीतही छान लावलंय, पण त्यावरून मला वरच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. त्याच्या कोचकडून या हंगामातला एक अख्खा सामना मागून घ्या, पहिल्या स्नॅपपासून शेवटच्या स्नॅपपर्यंत, मागच्या कॅमेऱ्याचा असेल तर फारच उत्तम. आणि जिंकलेला नको. जो सामना सगळ्यात वाईट हरले, तो पाठवा.